डेटाबेसच्या फंक्शन आणि व्ह्यूमध्ये ‘आजची तारीख’ चुकतेय? या क्रमाने तपासा

व्ह्यू म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी आणि फंक्शन म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेला, उत्तर परत देणारा छोटा कोड. आधी लक्षणं बघा, यातलं एक जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा:

- भल्या पहाटे टाकलेली एंट्री कालच्या तारखेत जाते, सकाळी साडेपाचनंतर टाकलेली बरोबर पडते
- ‘आजचे व्यवहार’ दाखवणारा व्ह्यू एकाच जुन्या तारखेला अडकून बसलाय
- तीच क्वेरी तुमच्या टूलमधून चालवली की एक तारीख आणि अ‍ॅपमधून चालवली की दुसरी
- टेबलात आजचा डेटा डोळ्यांनी दिसतोय पण व्ह्यू एकही रो देत नाही
- अ‍ॅप रिस्टार्ट केलं की तारीख बरोबर येते, दोन दिवसांनी परत मागे पडलेली असते
- ३१ मार्चचा थकबाकी रिपोर्ट एप्रिलमध्ये परत काढला की आकडे बदलतात
- फंक्शन तयारच होत नाही, ४४३ नंबरची एरर येते
- तारखेचं फंक्शन टाकल्यापासून रिपोर्ट रडतखडत चालतोय

मी बरीच वर्षं छोट्या-मध्यम संस्थांचे डेटाबेस सांभाळतोय, दूध संस्था, अडत दुकानं, हॉस्पिटलचं बिलिंग असं सगळं, आणि हा बिघाड दर दोन-तीन महिन्यांनी कुठून तरी येतोच. प्रत्येक वेळी लोक कोडमध्ये घुसतात, फंक्शन परत लिहितात, आणि निम्म्या वेळा कोडमध्ये काही चुकलेलंच नसतं. डेटाबेसला ‘आज’ म्हणजे काय ते स्वतःहून माहीत नसतं, तो कुणाला तरी विचारतो, कधी सर्व्हरच्या घड्याळाला, कधी सेशनच्या (म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या त्या एका कनेक्शनच्या) टाइमझोनला, कधी मागे कधीतरी साठवून ठेवलेल्या उत्तराला. तो कुणाला विचारतोय हे शोधलं की अर्धं काम झालं. म्हणून खालचा क्रम मोडू नका, वरच्या तपासण्यांना पाच मिनिटं लागतात आणि खालच्यांना दोन दोन दिवस.

फंक्शनची नावं मी इथे तोंडाने म्हणतो तशी लिहिलीयत, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

पहिलं काम: काहीही न बदलता एक क्वेरी चालवा

सर्व्हरची आत्ताची वेळ, युटीसी (जगभर प्रमाण धरलेली) वेळ आणि सेशनचा टाइमझोन, तिन्ही एकाच सिलेक्टमध्ये मागवा. मायएसक्यूएलमध्ये नाऊ(), युटीसी_टाइमस्टॅम्प() आणि सेशनचं टाइम_झोन व्हेरिएबल. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() आणि करंट_डेट, वर शो टाइमझोन. ओरॅकलमध्ये सिसडेट, करंट_डेट आणि सेशनटाइमझोन. एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटडेट() आणि गेटयुटीसीडेट() शेजारी शेजारी घ्या, तिथे सेशनचा वेगळा टाइमझोन नसतोच, ज्या मशीनवर तो बसलाय त्या मशीनचा टाइमझोन तो धरतो.

आता महत्त्वाचं, हीच क्वेरी दोनदा चालवायची, एकदा तुमच्या टूलमधून आणि एकदा अ‍ॅप ज्या कनेक्शनने जोडतं त्याच कनेक्शनवरून, त्याच युजरने. लोक हे टाळतात कारण अ‍ॅपमधून क्वेरी चालवायला कुणाला तरी फोन करावा लागतो, पण टाळू नका. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर कनेक्ट होतानाच जेव्हीएमचा (जावाचा प्रोग्रॅम ज्यात चालतो त्याचा) टाइमझोन सेशनला लावून टाकतो, म्हणजे तुमच्या टूलमध्ये कोलकाता दिसेल आणि अ‍ॅपच्या सेशनमध्ये युटीसी असेल, मग व्ह्यू एकच, पण त्यातलं करंट_डेट दोघांना वेगळं उत्तर देणार. ओरॅकलमध्ये हाच फरक सिसडेट आणि करंट_डेटमध्ये आहे, सिसडेट सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची वेळ सांगतो आणि करंट_डेट सेशनची, आणि एकाच व्ह्यूमध्ये एका ठिकाणी हे अन् दुसऱ्या ठिकाणी ते वापरलेलं मी पाहिलंय.

गेटडेट आणि गेटयुटीसीडेट सारखीच वेळ दाखवत असतील तर तुमचा सर्व्हर युटीसीवर आहे. अझूरचा एसक्यूएल डेटाबेस तर कायम युटीसीवरच असतो, तिथे तुम्ही टाइमझोन बदलूच शकत नाही. डॉकरचे कंटेनरही बहुतेक वेळा युटीसीवरच उठतात.

साडेपाच तासांचा घोळ

भारताची वेळ युटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे रात्री बारा ते सकाळी साडेपाच या वेळात युटीसीची तारीख कालचीच असते. दिवसा ऑफिसात बसून टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, दुपारी दोन्ही तारखा एकच असतात.

एका दूध संस्थेत हे कसं पकडलं ते सांगतो. त्यांचा सर्व्हर नुकताच क्लाउडवर गेला होता. संकलनाची नोंद पडली की तारीख एका फंक्शनमधून यायची, आणि फंक्शनमध्ये सरळ करंट_डेट. पंधरा-वीस दिवस कुणाची तक्रार नाही. मग एके दिवशी सचिवांचा फोन, “सर, दहा तारखेला एकाच उत्पादकाचं सकाळचं दूध दोनदा दिसतंय बघा, आन् अकराला कायच न्हाई.” मी त्या दोन रो उघडल्या. कोड तोच, फॅट वेगळं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) वेगळा, लिटर वेगळे, म्हणजे डुप्लिकेट एंट्री नव्हती. एक होती दहा तारखेच्या पावणेसहाची आणि दुसरी अकरा तारखेच्या चार पंचावन्नची. ते एरवी पावणेसहाला येणारे, त्या दिवशी लग्नाला जायचं म्हणून लवकर दूध घालून गेले होते.

इतके दिवस का कळलं नाही, तर जे रोजच पाचच्या सुमाराला येतात त्यांची प्रत्येक नोंद एक दिवस मागे पडत होती, रोजच, त्यामुळे दहा दिवसांच्या बिलात नोंदी दहाच भरायच्या आणि बेरीज डोळ्याला बरोबर वाटायची. कधी आधी, कधी नंतर येणाऱ्यांचंच बिंग फुटलं. आणि दूध बिल दहा दिवसांचं असतं, त्यामुळे अकरा तारखेचं दूध आधीच्या बिलात गेलं आणि ते बिल तर वाटून झालेलं. म्हणून माझं सांगणं आहे की तारखेची शंका आली की सगळ्यात आधी रात्री बारा ते साडेपाचमधल्या नोंदी वेगळ्या काढून बघा. रात्रपाळीचे कारखाने, वजनकाटे, हॉस्पिटलचे कॅज्युअल्टी वॉर्ड, पहाटेच्या भाजी मार्केटच्या पट्ट्या, सगळीकडे हाच पट्टा दुखतो.

दुरुस्ती करताना एक चूक सगळे करतात, फंक्शनमध्ये ३३० मिनिटं हाताने मिळवतात. आज चालतं. उद्या कुणीतरी सर्व्हरचा टाइमझोन नीट करतो आणि मग संध्याकाळी साडेसहानंतरच्या सगळ्या नोंदी उद्याच्या तारखेत जायला लागतात. त्याऐवजी टाइमझोनचं नाव घेऊन बदला. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() अ‍ॅट टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ आणि त्याची डेट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून अ‍ॅट टाइम झोन आलंय, तिथे नाव ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असं विंडोजच्या पद्धतीचं लागतं, आणि सुरुवात सिसयुटीसीडेटटाइम() पासून करायची, त्याला आधी अ‍ॅट टाइम झोन ‘युटीसी’ आणि मग अ‍ॅट टाइम झोन ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ असं दोनदा लावायचं, म्हणजे मशीनचा टाइमझोन कुणी बदलला तरी फरक पडत नाही. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेड, पण तिथे नाव दिलं आणि उत्तर नल आलं तर घाबरू नका, टाइमझोनची टेबलं भरलेली नाहीत एवढाच त्याचा अर्थ. ती भरून घ्या किंवा ‘+०५:३०’ असा ऑफसेट द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही त्यामुळे ऑफसेट चालून जातो, पण कंपनीची शाखा लंडन किंवा न्यू जर्सीत असेल तर तिथे ऑफसेट वापरू नका, नावच वापरा.

तारीख आहे की तारीख-वेळ?

व्ह्यू शून्य रो देत असेल तर नव्वद टक्के वेळा हेच असतं, दोन मिनिटांत बघून होतं. गेटडेट, नाऊ, सिसडेट हे सगळे वेळेसकट येतात. ओरॅकलचा सिसडेट तर जास्तच फसवतो, कारण स्क्रीनवर नुसती तारीख छापतो आणि आत तास-मिनिटं-सेकंद लपलेले असतात. आता व्ह्यूमध्ये ‘बिल_तारीख बरोबर सिसडेट’ असं लिहिलंत तर दुपारी ३ वाजून १२ मिनिटं ७ सेकंदांना फाटलेलं बिल त्याच सेकंदाला विचारलं तरच सापडणार. ट्रंक(सिसडेट) करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून डेट हा वेगळा टाइप आहे, गेटडेटला त्यात कास्ट करा.

कॉलममध्ये पण वेळ असेल तर ‘आजपासून’ आणि ‘उद्याच्या आत’ अशा दोन अटी लावा, मोठं-किंवा-बरोबर आज, आणि लहान उद्या. बिटवीन लावून शेवटी २३:५९:५९.९९९ लिहायची सवय सोडून द्या. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम टाइप सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंतच मोजतो, त्यामुळे .९९९ चं राउंडिंग होऊन ते थेट दुसऱ्या दिवसाचे बारा होतात आणि बरोब्बर मध्यरात्रीच्या वेळेवर साठवलेल्या उद्याच्या नोंदी आजच्यात येतात, आणि नुसती तारीख साठवणारी बरीच सॉफ्टवेअर्स ती मध्यरात्रीच्या वेळेवरच साठवतात. म्हणजे उद्याचा अख्खा दिवस आजमध्ये. हे मी एका कॅशबुकमध्ये पाहिलंय आणि त्या बिचाऱ्या कॅशियरने दोन रात्री नोटा मोजण्यात घालवल्या होत्या.

दोन अटींचा दुसरा फायदा वेगाचा. मायएसक्यूएलमध्ये कॉलमवरच डेट() लावलं किंवा ओरॅकलमध्ये कॉलमवर ट्रंक लावलं तर त्या कॉलमचा साधा इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) कामाला येत नाही. जे काही गुंडाळायचंय ते आजच्या तारखेला गुंडाळा, कॉलमला हात लावू नका.

व्ह्यूमध्ये तारीख गोठलीय का?

एकाच तारखेला अडकलेला व्ह्यू असेल तर त्याची व्याख्या डेटाबेसमधून काढून वाचा. तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, डेटाबेसने काय साठवलंय ते बघायचं. पोस्टग्रेसमध्ये ‘टुडे’ आणि ‘नाऊ’ असे अवतरणातले शब्द तारीख म्हणून चालतात, डेट ‘टुडे’ असं लिहिता येतं, आणि दिसायला फार सोपं म्हणून लोक लिहितात. पण तो शब्द व्ह्यू बनवतानाच वाचला जातो आणि त्या दिवसाची तारीख व्ह्यूमध्ये कायमची बसते. व्याख्या काढलीत की तिथे ‘टुडे’च्या जागी सरळ एक जुनी तारीख लिहिलेली दिसेल, व्ह्यू बनवला त्या दिवसाची. टेबलाच्या डिफॉल्टमध्ये लिहिलं तरी तेच होतं, प्रत्येक नवीन रोला टेबल बनवल्याची तारीख. करंट_डेट लिहा, काम झालं.

व्याख्या बरोबर असेल तर तो साधा व्ह्यू आहे की मटेरियलाइज्ड ते बघा. मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणजे उत्तर काढून ठेवलेलं टेबल, शेवटचा रिफ्रेश झाला तेव्हाचा ‘आज’ त्यात असतो. रिफ्रेशचा जॉब बंद पडलाय का ते आधी बघा, पासवर्ड बदलल्यावर जॉब गप्प बंद पडलेले असतात. माझं मत विचाराल तर मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये आजची तारीख घालूच नये, त्यात नुसत्या मूळ तारखा ठेवा आणि ‘किती दिवस थकीत’ हे वरून एका साध्या व्ह्यूने काढा.

ओरॅकलवाल्यांनी अजून एक बघा, फिक्स्ड_डेट नावाचा पॅरामीटर. टेस्टिंगसाठी कुणीतरी सिसडेट एका तारखेला बांधून ठेवतो आणि सोडवायला विसरतो. टेस्ट सर्व्हरवर ‘आमची तारीख पुढेच सरकत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच उघडतो.

फंक्शनवर खोटं लेबल

‘अ‍ॅप रिस्टार्ट केलं की बरोबर’ हे लक्षण असेल तर इथे थांबा आणि नीट बघा. फंक्शन बनवताना आपण डेटाबेसला वचन देतो की हे फंक्शन कसं वागेल. पोस्टग्रेसमध्ये तीन लेबलं, इम्युटेबल, स्टेबल, व्होलाटाइल, आणि काही लिहिलं नाही तर व्होलाटाइल. इम्युटेबल म्हणजे ‘तीच इनपुट दिली की जन्मभर तेच उत्तर’. कुणीतरी वाचलेलं असतं की इम्युटेबल केलं की फास्ट होतं, मग आतमध्ये करंट_डेट असलेल्या फंक्शनवरही ते चिकटवतात. पोस्टग्रेस तुमच्यावर विश्वास ठेवतो, प्लॅन (क्वेरी कशी चालवायची त्याचा आराखडा) बनवतानाच फंक्शन एकदा चालवून उत्तर प्लॅनमध्ये ठोकून टाकतो, आणि कनेक्शन पूलमधलं (अ‍ॅप उघडी ठेवून परत परत वापरतं त्यातलं) कनेक्शन चार दिवस जिवंत असेल तर तो साठवलेला प्लॅन चार दिवस जुनी तारीख देत राहू शकतो. रिस्टार्ट केलं की नवीन कनेक्शन, नवीन प्लॅन, बरोबर तारीख, आणि सगळ्यांना वाटतं प्रॉब्लेम गेला. लेबल स्टेबल करा, म्हणजे ‘एका क्वेरीपुरतंच तेच उत्तर’ एवढंच वचन.

मायएसक्यूएलमध्ये हेच वेगळ्या वाटेने येतं. बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) चालू असताना फंक्शन बनवायला गेलात की १४१८ ची एरर येते, डिटरमिनिस्टिक, नो एसक्यूएल किंवा रीड्स एसक्यूएल डेटा यातलं काही लिहिलेलं नाही म्हणून. घाईत असलेला माणूस पहिला शब्द उचलून चिकटवतो. डिटरमिनिस्टिक (तीच इनपुट दिली की तेच उत्तर) लिहिलंत तर मायएसक्यूएल आत नाऊ() आहे का ते तपासत बसत नाही, तुमचा शब्द खरा धरून प्लॅन ठरवतो. आजची तारीख वापरणाऱ्या फंक्शनला नॉट डिटरमिनिस्टिक आणि टेबल वाचत असेल तर रीड्स एसक्यूएल डेटा, वाचत नसेल तर नो एसक्यूएल लिहा, एरर तशीही जाते. ओरॅकलमध्ये डिटरमिनिस्टिक आणि रिझल्ट_कॅश हे दोन शब्द फंक्शनच्या डोक्यावर आहेत का बघा, आत सिसडेट असेल तर दोन्ही काढा.

‘आता’ म्हणजे नक्की कधीचा आता

रात्रीचे जॉब चालवणाऱ्यांसाठी हे. पोस्टग्रेसचा नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतो, अकरा अठ्ठावन्नला सुरू झालेला जॉब एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पाऊण वाजेपर्यंत चालला तरी नाऊ() अकरा अठ्ठावन्नच आणि तारीख कालचीच. बहुतेक वेळा आपल्याला हेच हवं असतं, एका दिवसाचं काम एका तारखेत. खरं घड्याळ हवं असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प() आहे. मायएसक्यूएलमध्ये नाऊ() म्हणजे ते स्टेटमेंट सुरू झालं ती वेळ आणि सिसडेट() म्हणजे खरोखर त्या क्षणाची, म्हणून ओरॅकलवरून आलेले लोक सवयीने सिसडेट() लिहितात तेव्हा एकाच क्वेरीत दोन वेळा येऊ शकतात, वर इंडेक्सही वापरला जात नाही. नाऊ() किंवा करडेट() लिहा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्वेरीत थेट लिहिलेला गेटडेट() त्या क्वेरीपुरता एकदाच काढला जातो, पण तोच तुम्ही स्केलर (एकच किंमत परत करणाऱ्या) फंक्शनच्या आत लपवलात तर फंक्शन प्रत्येक रोला चालतं आणि प्रत्येक वेळी घड्याळ परत विचारलं जातं. लाख रो, लाख वेळा. मध्यरात्रीच्या तोंडावर चालणाऱ्या रिपोर्टमध्ये वरच्या रो कालच्या आणि खालच्या आजच्या, असं व्हायला पूर्ण वाव आहे. २०१९ पासून एसक्यूएल सर्व्हर स्केलर फंक्शनं क्वेरीत आपोआप उलगडून वेग वाढवतो, पण ज्या फंक्शनमध्ये गेटडेट() आहे त्याला तो ही सवलत देत नाही. नवीन व्हर्जन घेऊन पण रिपोर्ट तसाच हळू का, याचं उत्तर कित्येकदा या एका शब्दात असतं.

आणि ४४३ एरर. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये फंक्शनच्या आत गेटडेट() लिहायलाच बंदी होती. मग लोक एक व्ह्यू बनवायचे, त्यात फक्त ‘सिलेक्ट गेटडेट() अ‍ॅज आज’, आणि फंक्शन त्या व्ह्यूमधून तारीख वाचायचं. २००५ पासून ती बंदी उठली. जुन्या सिस्टिममध्ये असा एकओळी व्ह्यू सापडला तर तो कशासाठी होता हे आता कळेल, पण ‘आता गरज नाही’ म्हणून डिलीट करायच्या आधी त्याच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते काढा. आजही ४४३ दिसली तर आत बहुतेक रँड() किंवा न्यूआयडी() आहे, त्यांना फंक्शनमध्ये अजून परवानगी नाही.

खरी दुरुस्ती: तारीख बाहेरून द्या

इथपर्यंत सगळं बघून झालं असेल आणि तरी दर वर्षी मार्चमध्ये फोन येत असतील तर मूळ रचनाच बदलायला हवी, यात दिवस जातात पण माझ्या मते याच कामाला खरी किंमत आहे. फंक्शनने तारीख विचारू नये, त्याला ती सांगावी. थकबाकी(ग्राहक) च्या जागी थकबाकी(ग्राहक, तारीख). ‘आज’ फक्त एकाच ठिकाणी ठरवा, अ‍ॅपमध्ये किंवा सगळ्यात बाहेरच्या प्रोसिजरमध्ये, आणि तिथून खाली पाठवत जा. मग ३१ मार्चचा रिपोर्ट तुम्ही जुलैत काढा, तारीख ३१ मार्च द्या, आकडा तोच. ऑडिटर समोर बसलेला असताना हे किती महत्त्वाचं असतं ते ज्याने भोगलंय त्याला विचारा. मागच्या तारखेच्या नोंदी नंतर घुसवल्या तर आकडा बदलेलच, ते वेगळं, पण निदान घड्याळामुळे बदलणार नाही.

व्ह्यूला पॅरामीटर देता येत नाही ही अडचण आहे. एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसमध्ये व्ह्यूच्या जागी टेबल परत करणारं फंक्शन लिहा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते इनलाइन, म्हणजे आत एकच सिलेक्ट असलेलं ठेवा. दुसरा रस्ता म्हणजे एक रोचं टेबल, ‘कामकाजाची तारीख’, आणि सगळे व्ह्यू त्याला जोडायचे. बँकांमध्ये डे-एंड झाल्याशिवाय सिस्टिमची तारीख सरकत नाही ते असंच. दूध संस्थेला, मार्केटला हे फार छान बसतं कारण त्यांचा दिवस बाराला बदलतच नाही, पाळी बंद झाली की बदलतो. फक्त ती तारीख पुढे ढकलायची जबाबदारी एका माणसाच्या किंवा एका जॉबच्या नावावर हवी, आणि दोन दिवस सरकली नाही तर ओरडणारी सूचना हवी.

बदल केला की या तारखांवर टेस्ट करा: रात्री ११:५९ आणि १२:०१, सकाळी ५:२९ आणि ५:३१, ३१ मार्च आणि १ एप्रिल, २९ फेब्रुवारी २०२४. वय किंवा मुदत काढत असाल तर एसक्यूएल सर्व्हरचं डेटडिफ वर्षात लावू नका, ते फक्त वर्षाची सीमा ओलांडली का ते मोजतं, ३१ डिसेंबर २०२३ ला जन्मलेलं बाळ १ जानेवारी २०२४ ला ते एक वर्षाचं करतं. हॉस्पिटलमध्ये औषधाचा डोस वयावर ठरतो, तिथे ही चूक नुसत्या रिपोर्टची राहत नाही.

आणि जिथे डेटाबेस आजची तारीख नाकारतो तिथे त्याच्याशी भांडू नका. पोस्टग्रेसच्या इंडेक्सच्या अटीत नाऊ(), एसक्यूएल सर्व्हरच्या इंडेक्स्ड व्ह्यूत गेटडेट(), ओरॅकलच्या चेक कन्स्ट्रेंटमध्ये (रोवर लावलेल्या अटीत) सिसडेट, तिन्हीकडे एरर येते आणि ती योग्य आहे, कारण रोला कुणी हात न लावता नुसता दिवस उजाडला म्हणून इंडेक्स किंवा अट चुकीची ठरेल. फंक्शनवर इम्युटेबलचं खोटं लेबल लावून ही एरर चुकवता येते, आणि ज्यांनी चुकवली त्यांचे इंडेक्स मी परत बांधलेत.

इथे हात थांबवा आणि डीबीएला (डेटाबेस अ‍ॅडमिनला) बोलवा

लाइव्ह सर्व्हरचा टाइमझोन बदलायचाय असं वाटलं की थांबा. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प कॉलम आत युटीसीत साठतो आणि दाखवताना बदलतो, डेटटाइम कॉलम जसा लिहिला तसाच राहतो, एका टेबलात दोन्ही असतील तर टाइमझोन बदलल्यावर जुन्या रोमधले दोन कॉलम एकमेकांशी जुळणार नाहीत. हे एकट्याने, संध्याकाळी घरी जाता जाता करायचं काम नाही.

सर्व्हरचं घड्याळच मागे-पुढे होत असेल, रेप्लिकेशन (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर उतरत राहणं) चालू असेल आणि दोन सर्व्हर दोन तारखा देत असतील, किंवा ते फंक्शन इंडेक्समध्ये, कन्स्ट्रेंटमध्ये वापरलेलं असेल, तरीही थांबा. पहिल्यासाठी सिस्टिम अ‍ॅडमिन, बाकी दोनसाठी डीबीए.

आणि चुकीच्या तारखेने पडलेल्या जुन्या नोंदी सुधारायच्या असतील तर डीबीएच्या आधी अकाउंटंटला विचारा. बिलं वाटून झालीत, जीएसटीचं रिटर्न भरून झालंय, अशा ठिकाणी एक अपडेट मारून तारखा हलवणं हा तांत्रिक निर्णय राहत नाही. फोन करायच्या आधी एवढं तयार ठेवा: पहिल्या तपासणीतल्या क्वेरीचं उत्तर दोन्ही कनेक्शनवरचं, फंक्शन आणि व्ह्यूची डेटाबेसमधून काढलेली व्याख्या, डेटाबेसचं व्हर्जन, आणि चुकलेल्या दोन-तीन रो त्यांच्या खऱ्या वेळेसकट.

त्या दूध संस्थेत आम्ही तिघं बसलो होतो, मी, डीबीए आणि सचिव. संकलन मशीनच्या चिठ्ठ्यांवर मशीनच्या स्वतःच्या घड्याळाची वेळ छापलेली होती आणि ते घड्याळ बरोबर होतं, त्यामुळे सचिवांनी गठ्ठे सोडले, एकेक चिठ्ठी वाचत गेले आणि आम्ही रो जुळवत गेलो. डेटाबेसमधली एकही तारीख आम्ही चिठ्ठी बघितल्याशिवाय हलवली नाही, फरकाची रक्कम पुढच्या दहा दिवसांच्या बिलात वेगळी ओळ टाकून दिली, आणि त्या ओळीपुढे कारण लिहिलं.